भरतीची वेळ आणि विद्यार्थ्याचा दिवस

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राजपुरीची खाडी जेथें समुद्राला मिळते, तेथें तिच्या दक्षिण तीरावर दिघी हें गांव आहे. समोर आगरदांडा, आणि खाडीच्या मुखाशीं पाण्यांत उभा असलेला जंजिरा. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख जंजिरा संस्थानांत मोडत असे. आज दिघी श्रीवर्धन तालुक्यांत आहे आणि आगरदांडा मुरुड तालुक्यांत. दोन्ही गांवें एकमेकांना दिसतात, परंतु मध्यें पाणी आहे. धक्क्यावरून निघणारी फेरीबोट गांठली तर पलीकडचा तालुका कांहीं मिनिटांवर. ती चुकली तर पुढच्या फेरीची वाट पाहणें किंवा खाडीला लांबचा वळसा घालणें, एवढेच मार्ग उरतात. वेळ कोणासाठीं थांबत नाहीं, हें वाक्य शहरांतील शाळेंत सुविचाराच्या फळ्यावर लिहिलेलें असतें. दिघीच्या मुलाला तें धक्क्यावर उभें राहून डोळ्यांनीं पाहावयास मिळतें.

अशा गांवांत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला दोन घड्याळें पाळावीं लागतात. एक शाळेचें; तें बारा महिने एकाच ठोक्याला वाजतें. दुसरें पाण्याचें, तें रोज पाऊण तासाहून थोडें अधिक पुढें सरकतें. घरांत मासेमारी असेल तर होडी केव्हां निघणार, केव्हां परतणार, मासळी केव्हां निवडावयाची आणि केव्हां वाळत घालावयाची, हें सर्व दुसऱ्या घड्याळावर चालतें. आणि त्याच घरांतील दहावीच्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या घड्याळाप्रमाणें वर्गांत बसावें लागतें. शहरांतील सुशिक्षित घरांत असा पेंच नसतो, असें वरवर वाटतें. परंतु शाळा, शिकवणी, स्पर्धापरीक्षेची तयारी, गाण्याचा किंवा पोहण्याचा वर्ग आणि मोबाइल यांच्यामध्यें सांपडलेल्या मुलाची ओढाताण याच जातीची आहे. म्हणून विद्यार्थ्याच्या वेळेचा प्रश्न समजून घेण्यास दिघीच्या पाण्यापासून आरंभ करणें सोयीचें होईल.

भरती-ओहोटीचें गणित किनाऱ्यावरच्या माणसाला पंचांगावरून करतां येतें. चंद्र रोज सरासरीनें पन्नास मिनिटें उशिरा उगवतो आणि भरतीहि साधारण तितक्याच उशिरानें येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें जातात. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारीं आणि मध्यरात्रीं बाराच्या सुमारास असते. पुढें तिथीला पाऊणनें गुणलें कीं त्या दिवशींच्या भरतीची वेळ अंदाजानें मिळते. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां. पाऊणकी पाठ असलेल्या मुलाला हा हिशेब तोंडीं करतां येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला जोर असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो मंदावतो, त्याला भांग म्हणतात.

या पाण्यावर पोट असलेला माणूस तीन गोष्टी सहज शिकतो. पहिली ही कीं, भरतीशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. ती केव्हां येणार हें आधीं जाणून घेणें एवढेंच आपल्या हातीं आहे. दुसरी ही कीं, प्रत्येक वेळेचें काम वेगळें असतें. भरतीच्या पाण्यावर होडी आंत-बाहेर होते. पण ओहोटी म्हणजे रिकामा वेळ नव्हे. त्या वेळीं उघड्या पडलेल्या खडकांवर कालवें काढतां येतात, जाळीं दुरुस्त करतां येतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: कामांचा क्रम लावतांना 'हें काम किती मोठें' एवढेंच पाहून चालत नाहीं, 'हें काम आणखी केव्हां होऊं शकेल' हेंहि पाहावें लागतें. जें फक्त याच वेळीं होऊं शकतें तें आधीं, जें केव्हांहि होऊं शकतें तें मागून. जाळें रात्रीं दिव्याखालींहि विणतां येतें. पण निघून गेलेलें पाणी दिव्याखालीं आणतां येत नाहीं. अग्रक्रम, अग्रक्रम म्हणून ज्या गोष्टीची आज फार चर्चा होते, तिचें सार याहून अधिक अवघड नाहीं.

विद्यार्थी मात्र वेळापत्रक करावयास बसतो तेव्हां नेमकें उलट करतो. तो कोरा कागद घेतो, त्यावर पहांटे चारपासून रात्रीं अकरापर्यंत रकाने आंखतो आणि प्रत्येक रकान्यांत एकेक विषय भरतो. कागद सुंदर दिसतो. तिसऱ्या दिवशीं घरीं पाहुणे येतात, किंवा डोकें दुखतें, किंवा शाळेंत जादा तास होतो, आणि एक रकाना चुकला कीं पुढची सर्व रांग कोसळते. मग 'आपल्याच्यानें कांहीं होत नाहीं' असा ग्रह होऊन कागद टेबलाच्या खणांत जातो. दोष मुलाच्या निश्चयाचा नसतो. त्यानें सर्व तास सारखे मानले, आणि आपल्या दिवसांत आधींच कोणाकोणाचा हक्क आहे तें मोजलें नाहीं, ही खरी चूक होय.

म्हणून आरंभ मोजण्यापासून करावा. दिघीसारख्या गांवांतील दहावीची एक मुलगी डोळ्यांपुढें आणावी. आठवड्याचे तास १६८. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत म्हटलें आहे. त्यांतला किमान आंकडा, म्हणजे आठ तास, धरला तर आठवड्याचे ५६ तास झोंपेचे झाले. शाळा सहा दिवस, रोज सहा तास, म्हणजे ३६. जाणें-येणें रोज दीड तास, म्हणजे ९. स्नान, जेवण, वेणीफणी इत्यादि रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. पाणी भरणें, भांडीं, मासळी निवडणें, धाकट्या भावंडाला सांभाळणें यांना रोज तीन तास, म्हणजे २१. बेरीज झाली साडेएकुणचाळीस अधिक शंभर, म्हणजे १३९॥ तास. उरले २८॥. रोजचे चार तास आणि वर चार मिनिटें.

हा आंकडा पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतें. इतकें काम करूनहि चार तास उरतात, तर ते दिसत कां नाहींत? कारण ते एकत्र येत नाहींत. वीस मिनिटें फेरीची वाट पाहण्यांत, पंधरा मिनिटें भात शिजेपर्यंत, अर्धा तास शाळा सुटल्यावर, तास-सवा तास रात्रीं, असे ते तुकड्या-तुकड्यांनीं हातीं येतात आणि तुकडा म्हणून टाकून दिले जातात. शहरांतल्या मुलाचा हिशेब मांडला तर घरकामाच्या जागीं शिकवणी आणि तिच्या वाटेवरची वाहतूक बसते. उरणारी बाकी फारशी वेगळी येत नाहीं, आणि तीहि अशीच विखुरलेली असते.

हे तुकडे तीन प्रकारचे असतात. पहिला ताजा वेळ: झोंप पुरी झालेली, मन स्वच्छ, भोंवतीं शांतता. बहुतेकांना तो पहांटे मिळतो, कांहींना रात्रीं. आपला कोणता हें मुलानें स्वतः आठवडाभर पाहून ठरवावें. केवळ शेजारचा मुलगा पहांटे उठतो म्हणून उठण्यांत लाभ नाहीं. दुसरा थकलेला वेळ: शाळेंतून आल्यानंतरचा. तिसरा तुटका वेळ: वाट पाहण्याचा. ताज्या वेळांत नवें आणि अवघड काम करावें. न समजलेलें गणित, नवा धडा, स्वतःच्या शब्दांत लिहावयाचें उत्तर. थकलेल्या वेळांत वही पुरी करणें, नकाशा भरणें, आकृति काढणें, उद्यांचें दप्तर भरणें हीं कामें होतात. तुटक्या वेळांत आठवण्याचें काम करावें: सूत्रें, शब्दार्थ, सनावळी. ताजा तास वही सजविण्यांत घालविणें म्हणजे भरतीच्या वेळीं होडी बांधून ठेवून जाळें विणीत बसणें होय. ही चूक अत्यंत अभ्यासू मुलेंहि करतात, कारण सोपें काम करतांना आपण काम करीत आहों असें समाधान लगेच मिळतें.

वेळ मोजण्याचें एकक केवढें असावें, हाहि प्रश्न आहे. आज तास हें आपणांस निसर्गाचें माप वाटतें. पण घड्याळाची वेळ ही माणसांनीं ठरविलेली सोय आहे. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ मध्यें सुरू झाली, तरी मुंबई शहरानें तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली होती. त्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या घटिका चालत असे. तळाला बारीक भोंक असलेलें तांब्याचें घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवीत. तें भरून बुडालें कीं एक घटिका झाली. दिवस-रात्र मिळून साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. लग्नाच्या मुहूर्तामुळें या पात्राची स्मृति अजून टिकून आहे. १९८० नंतरच्या दशकांत फ्रान्सिस्को चिरिलो नांवाच्या इटालियन विद्यार्थ्यानें टोमॅटोच्या आकाराचें स्वयंपाकघरांतलें गजराचें घड्याळ समोर ठेवून अभ्यासाची एक रीत बसविली: पंचवीस मिनिटें एकाच कामावर लक्ष, मग पांच मिनिटें विश्रांति. ती आतां जगभर प्रसिद्ध आहे. एक मिनिट वगळलें तर ही आपली घटिकाच होय. या मापाचा गुण असा कीं, 'आज तीन तास इतिहास' या संकल्पाची जी धास्ती वाटते ती 'एक घटिका इतिहास' म्हटल्यानें वाटत नाहीं. आणि घरच्या धांवपळींत तीन तास सलग मिळाले नाहींत तरी पांच-सहा घटिका सांपडूं शकतात. त्या घटिकेपुरता मोबाइल दुसऱ्या खोलींत असावा, हें सांगावयास नकोच.

आतां अग्रक्रमाचा विचार अभ्यासाच्या अंगानें करूं. विद्यार्थ्याच्या कामांत अशीं कोणतीं कामें आहेत, कीं जीं उशीर झाल्यास बिघडतात? उत्तर अनपेक्षित आहे. निबंध, प्रकल्प, वही हीं कामें आठवडाभर मागें पडलीं तरी एका रविवारीं भरून काढतां येतात. परंतु स्मरणाचें काम तसें नाहीं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्यें दाखविलें कीं, पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच निसटतो, आणि नंतर विसरण्याची गति मंदावते. म्हणजे आज वर्गांत झालेला धडा आज किंवा उद्यां पाहिला तर थोडक्यांत काम भागतें. महिन्यानें पाहिला तर तो जवळजवळ नव्यानें शिकावा लागतो. रोजची उजळणी हें भरतीच्या पाण्याचें काम आहे. तें लहान दिसतें म्हणून मागें टाकलें जातें, आणि मार्च महिन्यांत त्याचें कर्ज व्याजासह फेडावें लागतें.

उजळणी म्हणजे पुन्हां वाचणें, असाहि एक समज आहे. २००६ मध्यें रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांना कांहीं उतारे दिले. एका गटानें उतारा पुनःपुन्हां वाचला. दुसऱ्या गटानें एकदां वाचून नंतर पुस्तक मिटून आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानें घेतली तेव्हां वाचणाऱ्यांना शेंकडा सुमारें ४० भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारें ६१. आपल्याकडे तोंडीं म्हणून घेण्याची जी जुनी चाल होती, तिच्यांत घोकंपट्टीचे दोष असतील. पण पुस्तक मिटून म्हणून दाखविणें हें तिचें अंग खरें होतें. धक्क्यावर फेरीची वाट पाहणाऱ्या मुलीला यासाठीं पुस्तकहि लागत नाहीं. काल काय झालें तें मनांत मांडून पाहणें पुरें आहे. जेथें अडेल तें घरीं गेल्यावर पाहावें.

तिसरा धडा अंदाजाचा. आपलें काम किती दिवसांत होईल हें सांगण्यांत माणूस जवळजवळ नेहमींच चुकतो, आणि एकाच दिशेनें चुकतो. १९९४ मध्यें कॅनडांतील संशोधकांनीं पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलें, तुमचें काम किती दिवसांत पुरें होईल? सरासरी उत्तर आलें ३४ दिवस. प्रत्यक्षांत सरासरी लागले ५५ हून अधिक दिवस. हीं मुलें आळशी नव्हतीं. आजारपण, न मिळालेलें पुस्तक, न समजलेला भाग यांना हिशेबांत जागाच नव्हती. म्हणून जेथें दहा दिवस लागतील असें वाटतें तेथें पंधरा धरावेत, आणि आठवड्यांतील एक अर्धा दिवस कोणताहि विषय न लिहितां कोरा ठेवावा. तो मागें राहिलेल्या कामासाठीं. कांहीं मागें राहिलें नसेल तर तो खेळावयाचा. पाण्याला जसा उधाणानंतर भांग असतो, तसा तो अभ्यासालाहि असावा.

वर्षाच्या हिशेबांतहि हेंच लागू आहे. जून-जुलै महिन्यांत समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचा काळ असतो, म्हणून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळांत कोळी नौका किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात आणि जाळीं नीट करतात. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम धरतात. विद्यार्थ्याच्या सुट्टीचा खरा उपयोग हाच होय. पुढच्या इयत्तेचीं पुस्तकें आधींच संपवून टाकण्याची शहरांत जी चढाओढ असते, तिच्यापेक्षां मागच्या इयत्तेंत जाळें कोठें फाटलें आहे तें पाहून तेवढें भोंक शिवणें अधिक हिताचें. अपूर्णांक न आलेल्या मुलाला बीजगणित जड जातें. त्यास बीजगणिताची आणखी एक शिकवणी लावून उपयोग होत नाहीं.

परीक्षेच्या खोलींत वेळेचा हिशेब मिनिटांवर येतो. माध्यमिक शालान्त परीक्षेंत भाषेची ८० गुणांची पत्रिका तीन तासांची असते. वीस मिनिटें प्रश्न वाचण्यास आणि शेवटीं तपासण्यास बाजूला ठेवलीं, तर १६० मिनिटें उरतात, म्हणजे एका गुणाला बरोबर दोन मिनिटें. गणिताच्या प्रत्येक भागाची पत्रिका ४० गुणांची, दोन तासांची. म्हणजे गुणाला तीन मिनिटें. चार गुणांच्या प्रश्नांत बारा मिनिटें झालीं आणि उत्तर येत नाहीं, तर पान सोडून पुढें जाणें हें भ्याडपणाचें लक्षण नव्हे, हिशेबाचें आहे. त्या एका प्रश्नाशीं झुंजत राहिलें तर पुढचे येत असलेले प्रश्न पाण्याबरोबर निघून जातात. ही संवय घरीं सराव करतांना घड्याळ लावूनच लागते.

येथवर सांगितलेलें सर्व विद्यार्थ्याच्या हातचें आहे. परंतु प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग त्याच्या हातीं नाहीं, आणि तो अधिक नाजूक आहे. वेळ नियोजनाचा उपदेश मुलाला केला जातो. त्याचा वेळ मात्र घरानें आधींच वांटून टाकलेला असतो. महाराष्ट्रांत ज्यांनीं अत्यंत अडचणींतून विद्या मिळविली त्यांच्या हकीकती पाहिल्या तर वेळ हा कोणीतरी त्यांना दिला होता, असें दिसून येईल.

जुन्या पुण्यांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवस सात घरें. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे. त्या पद्धतींत मानहानीचे प्रसंग पुष्कळ येत. तरी एका गोष्टीचा विचार करण्याजोगा आहे: सात गृहिणींनीं एकेक पान अधिक वाढलें, म्हणून एका मुलाचा स्वयंपाकाचा आणि पोटाच्या चिंतेचा वेळ अभ्यासाला मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्यें मॅट्रिक झाले. त्यांचें बिऱ्हाड परळच्या चाळींत एका खोलीचें होतें. मुलानें संध्याकाळीं लवकर निजावें, आणि वडील रामजी सुभेदार यांनीं रात्रीं दोनपर्यंत जागून त्यास उठवावें, मग त्यानें दिव्याच्या उजेडांत वाचावें, असा क्रम असल्याचें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. खोलींत दिवसा शांतता नव्हती. रात्रीं ती होती. तो ताजा वेळ एका बापानें स्वतःच्या झोंपेंतून काढून दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेंत 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. मुलें श्रम करीत आणि त्यावर शिकत. तेथें कामाचे तास ठरलेले होते आणि अभ्यासाचेहि ठरलेले होते. काम करण्यानें शिक्षण बुडत नाहीं. कामाला सीमा नसल्यानें बुडतें.

दिघीच्या त्या मुलीकडे आतां पुन्हां वळूं. तिच्या हिशेबांत घरकामाचे रोज तीन तास धरले होते. त्याच घरांत तिच्याच वयाचा भाऊ असेल तर त्याच्या हिशेबांत हा आंकडा किती असतो? त्यानें दीड तास उचलला, तर बहिणीला आठवड्याला साडेदहा तास मिळतात. शाळेच्या तीस आठवड्यांत ३१५ तास. एवढ्या तासांत एक कच्चा विषय पक्का होऊं शकतो, आणि तो विषय पक्का होणें न होणें यावर ती अकरावीसाठीं खाडीपलीकडे जाणार कीं दहावीनंतर घरींच राहणार, हें पुष्कळदां ठरतें. हा प्रश्न केवळ खेड्याचा नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांतहि पाहुणे आले कीं पुस्तक मिटून चहा ठेवावयास उठते ती बहुधा मुलगीच असते. आणि तिला कमी गुण मिळाले म्हणजे 'तुला वेळेचें नियोजन जमत नाहीं' असें सांगितलें जातें.

शहरी पालकांचा दुसरा दोष याच्या उलट आहे. ते मुलाला कामाला लावीत नाहींत, पण त्याचा एकहि तास मोकळा ठेवीत नाहींत. प्रत्येक वर्ग चांगलाच असतो, म्हणून कोणताहि सोडवत नाहीं. अग्रक्रम लावणें याचा अर्थ चांगल्या गोष्टींतून एक चांगली गोष्ट सोडणें, हें मोठ्यांनीं आधीं पत्करलें पाहिजे. तथापि सोडावयाचें तें छंदच असें मात्र मानूं नये. याच जिल्ह्यांत महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आले. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांनींच कालिदासाच्या मेघदूताचा मराठींत पद्यानुवाद केला. मनाला आवडणाऱ्या एका कामाला जागा ठेवणारा माणूस इतर कामें कमी करतो असें नाहीं.

आणि जो विद्यार्थी सर्व करूनहि मागें पडतो, त्याचें काय? त्यानें महर्षि धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट लक्षांत ठेवावी. दापोली तालुक्यांतील मुरूडहून (हें जंजिऱ्याचें मुरुड नव्हे) कर्वे १८७५ मध्यें परीक्षेसाठीं सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास पायीं गेले. ते वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ते मॅट्रिक झाले तेव्हां १८८१ साल उजाडलें होतें आणि त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें. पुढें त्यांनीं स्त्रीशिक्षणाचें जें कार्य उभें केलें त्यांत त्या हुकलेल्या वर्षांचा हिशेब कोणी विचारला नाहीं. १९५८ मध्यें, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. चुकलेली भरती परत येत नाहीं हें खरें. पण बारा तास पंचवीस मिनिटांनीं दुसरी येते, हेंहि तितकेंच खरें आहे. मात्र त्या वेळीं होडी सज्ज असली पाहिजे.

ज्या घरांत यंदा कोणी परीक्षेस बसणार असेल, तेथें रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं अर्धी घटिका एकत्र बसावें. येत्या आठवड्यांत न हलणाऱ्या वेळा कोणत्या त्या कागदावर प्रथम मांडाव्या. उरलेल्यांत ताज्या घटिका किती तें मोजावें आणि त्यांवर सर्वांत अवघड विषय बसवावा. एक अर्धा दिवस कोरा सोडावा. शेवटीं एक प्रश्न विचारावा, आणि तो मुलाला नव्हे, घरांतल्या इतरांना: या आठवड्यांत याचें कोणतें काम आपण उचलूं शकतों? त्या प्रश्नाला घरांतून निदान एक उत्तर आलें, तर वेळापत्रकाचा कागद तिसऱ्या दिवशीं खणांत जाणार नाहीं.